मोडीच्या भावातले सम्राट

रोमन साम्राज्याची काशा-तांब्याची नाणी आज युरोप-अमेरिकेच्या बाजारात गठ्ठ्याने विकली जातात. शंभराची पिशवी, पाचशेची पिशवी, कधी थेट किलोचा भाव. माती तशीच लागलेली, अक्षरे बुजलेली, आणि कुठे सापडली याचा सोबत एक शब्द नाही. फार तर 'बाल्कन प्रदेशातून' एवढाच मोघम उल्लेख. घेणारा ती घरी नेऊन भिजवतो, घासतो, त्यातली थोडी ओळखू आली तरी समाधान मानतो. उरलेली टाकून देतो किंवा पुन्हा पिशवीत भरून दुसऱ्याला विकतो. याची फारशी ओरड होत नाही, कारण एकेका नाण्याची किंमत नाश्त्याच्या बिलाइतकी असते. सोन्याचे ऑरियस लिलावात आले की ते आधी कोणाकडे होते, कुठून आले, याची विचारपूस होते. काशाच्या नाण्याच्या वाट्याला ही विचारपूस येत नाही.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हिशेब आधी मागायचा तो काशाच्या नाण्याचा. सापडल्या जागेची नोंद नसलेल्या रोमन काशाच्या नाण्यांची ठोक विक्री कायद्याने थांबली पाहिजे, आणि कोणती नाणी जपायची हे धातूच्या मोलावर ठरवणारे नियम बदलले पाहिजेत.

रोमन चलनात सम्राटाचा चेहरा सामान्य माणसाच्या हातात पोचत होता तो याच धातूंतून. ऑगस्टसने बसवलेल्या घडीनुसार एका सोन्याच्या ऑरियसचे २५ चांदीचे दिनारियस, १०० सेस्टर्शियस आणि ४०० ॲस होत. सेस्टर्शियस आणि डुपॉन्डियस पितळेचे, ॲस आणि क्वाड्रन्स शुद्ध तांब्याचे. इसवी सन २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने जे मोठे नाणे आणले ते काशाचे, वर चांदीचा पातळ मुलामा दिलेले. धातू निरनिराळे असले तरी रूढीने सगळ्यांना काशाची नाणी म्हणतात, मीही इथे तसेच म्हणतो. सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅमचा आणि ३२ ते ३५ मिलिमीटर व्यासाचा. एवढ्या जागेत कारागिरांनी काय काय कोरले आहे! नीरोच्या सेस्टर्शियसवर ओस्टियाचे बंदर आहे, त्यात जहाजे मोजता येतात. टायटसच्या नाण्यावर नुकताच उघडलेला कलोसियम आहे, आतले प्रेक्षक बारीक ठिपक्यांनी दाखवलेले. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली स्त्री, म्हणजे जिंकलेला ज्यूडिया हा ज्यूंचा प्रदेश, आणि शेजारी हात बांधलेला कैदी. कालिगुलाने आपल्या तिन्ही बहिणी एका ओळीत उभ्या केल्या, प्रत्येकीच्या हाती एकेका देवतेची चिन्हे देऊन.

ही चित्रे राजकीय होती हे कोणीही सांगेल. ती कोणाला उद्देशून होती, आणि त्या माणसापर्यंत पोचली का, हा अवघड प्रश्न. 'सम्राटाचा प्रचार' एवढे म्हणून पुष्कळ लेखक मोकळे होतात. पण एखादा छाप सैन्यासाठी होता, रोमच्या नागरिकांसाठी होता की एखाद्या प्रांतासाठी होता, हे तपासायचा मार्ग एकच आहे. तो छाप असलेली नाणी कुठे कुठे पडली, किती पडली, सोबत काय होते, हे बघायचे.

अँटोनायनस पायसचा १५४-१५५ सालचा ॲस घ्या. मागच्या बाजूला खडकावर बसलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातला ब्रिटन प्रांत, डोके हाताला टेकलेले, शेजारी ढाल. नाणे नुसते हातात घेतले तर उत्तर ब्रिटनमधल्या विजयाची द्वाही सगळ्या साम्राज्यात फिरवली असे वाटेल. प्रत्यक्षात हा छाप ब्रिटनमध्ये मुबलक सापडतो आणि युरोपच्या मुख्य भूमीवर क्वचित. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या कॅरोबर्ग ठाण्याजवळ कोव्हेंटिना देवीची विहीर आहे. १८७६ मध्ये ती उपसली तेव्हा हजारो नाणी निघाली, आणि त्यांत हा एकच छाप असलेले ॲस तीनशेहून अधिक होते. म्हणजे ही नाणी सुट्या पैशांची गरज भागवण्यासाठी एकगठ्ठा त्याच प्रांतात गेली. ज्यांना हरलेली, खिन्न ब्रिटानिया दाखवली गेली ते खुद्द ब्रिटनमधले सैनिक आणि रहिवासी होते. चित्राचा अर्थ इथे पुरता बदलतो, आणि तो बदलला तो नाण्यावर काय आहे यामुळे नाही, ते कुठे पडले होते हे कोणीतरी लिहून ठेवल्यामुळे. हेच ॲस गठ्ठ्यात मिसळून गेले असते तर 'ब्रिटानिया, झीज मध्यम' या पलीकडे त्याबद्दल कोणी काही बोलू शकले नसते. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या लष्करी तळावरच्या काशाच्या नाण्यांनीही असेच दाखवून दिले: तिथल्या छापांचे प्रमाण रोम शहरात सापडणाऱ्या नाण्यांपेक्षा वेगळे आहे.

याहून ठळक उदाहरण जर्मनीतल्या काल्क्रीजचे. इसवी सन ९ मध्ये व्हारस या रोमन सेनापतीची तीन लीजन, म्हणजे तीन मोठ्या पलटणी, जर्मन टोळ्यांनी जंगलात कापून काढली, आणि ती जागा कोणती याबद्दल शतकानुशतके तर्क चालले होते. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला तिथे मेटल डिटेक्टरने चांदीची नाणी लागली. त्याने स्थानिक पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्लुटर यांचा सल्ला आधीच घेतला होता आणि सापडलेली प्रत्येक वस्तू जागेसह कळवली. चांदीने जागा दाखवली, पण तारीख घट्ट केली ती तांब्याने. तिथे मिळालेल्या ॲसांवर ऑगस्टसच्या चेहऱ्यावरच मारलेले छोटे चौकोनी शिक्के होते, काहींत 'व्ही ए आर' ही तीन अक्षरे जोडून, म्हणजे व्हारस. काहींत त्याच्या हाताखालच्या वाला या अधिकाऱ्याचे नाव. व्हारस त्या प्रांतात आला इसवी सन ७ मध्ये. म्हणजे ही नाणी ७ ते ९ या तीन वर्षांत सैनिकांना वाटलेली. आणि ९ नंतर पाडलेले एकही नाणे त्या रणभूमीच्या थरात नाही. काहींचा अजून आक्षेप आहे, पण बहुसंख्य अभ्यासक ही व्हारसच्या पराभवाचीच जागा मानतात. ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे ते झिजलेले, शिक्क्याने विद्रूप झालेले ॲस बाजारात 'खराब स्थिती' या सदरात मोडतात.

काशाचे नाणे एकटे फारसे बोलत नाही, समूहात बोलते. नाणकशास्त्रज्ञ रिचर्ड रीस यांनी ब्रिटनमधल्या स्थळांसाठी रोमन काळाचे २१ टप्पे पाडले आणि प्रत्येक स्थळावर कुठल्या टप्प्यातली नाणी हजारी किती, हे मांडायची पद्धत रूढ केली. त्या आलेखावरून वस्ती कधी भरभराटीला आली, कधी बसली, लष्करी होती की शेतकऱ्यांची, हे कळते. यात शंभरातले एक देखणे नाणे वेगळे काढून चालत नाही. गुळगुळीत झालेली, फुटकी, अर्धी कापलेली सगळी मोजावी लागतात. फ्रान्समधल्या नीम शहराच्या टांकसाळीचे ॲस हमखास अर्धे कापलेले मिळतात: दर्शनी बाजूला ऑगस्टस आणि अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, मागे खजुराला साखळीने बांधलेली मगर. लहान नाण्याची चणचण भासली की छिन्नीने मधोमध तुकडा पाडायचे, एका वाट्याला सम्राट, दुसऱ्याला त्याचा जावई. असा अर्धा तुकडा संग्राहकाला नको असतो, पण सुट्या पैशांचा तुटवडा कुठे आणि कधी होता हे तोच सांगतो.

इंग्लंडच्या कायद्याची कहाणी या वादात मला फार महत्त्वाची वाटते. १९९७ पर्यंत तिथे 'ट्रेझर ट्रोव्ह' या जुन्या दंडकाखाली सोन्याचांदीचाच निधी, म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा, सरकारजमा होई. काशाची हजार नाणी मडक्यात सापडली तरी सापडणाऱ्याने ती दहा ठिकाणी विकावीत, कायद्याला देणेघेणे नव्हते. १९९६ च्या ट्रेझर कायद्याने हे बदलले: एकाच ठिकाणी सापडलेली कमी मोलाच्या धातूची किमान १० जुनी नाणी कळवणे सक्तीचे झाले, आणि संग्रहालयाने ती घेतली तर बाजारभावाने मोबदला ठरला. सुट्या नाण्यांसाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ऐच्छिक नोंदणी सुरू झाली. अधिकारी नाणे बघतो, तोलतो, छायाचित्र काढतो, जागा नोंदवतो आणि नाणे सापडणाऱ्याला परत देतो. आज त्या नोंदवहीत दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत.

या व्यवस्थेचे फळ म्हणजे फ्रोमचा निधी. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या एका शेतात डेव्ह क्रिस्प यांना मेटल डिटेक्टरने मडक्याचा काठ आणि नाणी लागली. त्यांनी खणणे तिथेच थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो, जवळजवळ सगळी तिसऱ्या शतकातली काशाची आणि हिणकस चांदीची. ती थराथराने काढली म्हणून एक गोष्ट कळली जी एरवी कळणे शक्य नव्हते. सगळ्यांत उशिराची, म्हणजे कारॉसियस या सत्ताधीशाची नाणी मडक्याच्या तोंडाशी नव्हती, बहुतेक अर्ध्याच्या खाली होती. कोणी वर्षानुवर्षे थोडी थोडी भर घातली असती तर ती वर असायला हवी होती. म्हणजे मडके जमिनीत बसवून एकाच वेळी भरले गेले. शेतकऱ्याने चोरांच्या भीतीने पुरलेली पुंजी ही नेहमीची कथा इथे लागू पडेल का, देवाला वाहिलेले तर नसेल, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

कारॉसियस हा बंडखोर. २८६ ते २९३ या काळात ब्रिटन आणि गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सचा, उत्तर किनारा त्याच्या ताब्यात होता, आणि त्याच्या काशाच्या नाण्यांवरून त्याची राजनीती वाचता येते. 'पाक्स आउग्' म्हणजे सम्राटाची शांतता या लेखात शेवटचे 'जी' अक्षर तो तीनदा कोरतो. तीन 'जी' म्हणजे तीन सम्राट: डायोक्लेशियन, मॅक्सिमियन आणि हा स्वतः. एका दुर्मीळ छापावर तर तिघांचे चेहरे एकापुढे एक आहेत आणि भोवती 'कारॉसियस आणि त्याचे बंधू' असे शब्द. समोरचे दोघे त्याला बंधू मानत नव्हते, त्याच्यावर आरमार पाठवत होते. हा सगळा दावा नाण्याच्या कडेला असलेल्या दोन मिलिमीटरच्या त्या तिसऱ्या 'जी' अक्षरात आहे.

आणि कड हीच जागा घासण्यात सगळ्यांत आधी जाते.

जमिनीत सतराशे वर्षे राहिलेल्या नाण्यातले तांबे हळूहळू बाहेर सरकते. आधी लालसर क्युप्राइटचा थर बसतो, त्यावर हिरवा मॅलाकाइट, कुठे निळा अझुराइट, आणि त्यात माती अडकते. ठशाने ज्या पृष्ठावर सम्राटाचे केस, पापणी आणि अक्षरे उमटवली ते पृष्ठ बहुतेक वेळा या खनिज थरात असते. खालच्या धातूत त्याचा मागमूस उरलेला नसतो. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने, लिंबाने, नाहीतर पितांबरीने लख्ख करतात. भांड्यावरचा काळेपणा वरवरचा असतो, त्यामुळे भांड्याला ते चालते. नाण्यावर आम्ल घातले की आम्ल खनिज आणि मूळ पृष्ठ यांत भेद करत नाही. हिरवा थर विरघळतो, त्याबरोबर चेहरा विरघळतो, आणि हाती खड्ड्याखड्ड्यांची गुलाबी चकती येते. व्हिनेगरने हेच होते. बॅटरीच्या विद्युतप्रवाहाने तर थर पापुद्र्यासारखा सुटून पडतो. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला संग्राहक एकमेकांना देतात, पण त्यातली मेदाम्लेही तांब्याला खातात, फक्त सावकाश.

चौथ्या शतकातल्या छोट्या नाण्यांत यामुळे काय हरवते ते बघा. कॉन्स्टंटाइनच्या 'ग्लोरिया एक्झर्सितुस' म्हणजे 'सैन्याचे वैभव' या छापावर दोन सैनिक आहेत आणि त्यांच्या मध्ये ध्वज. सुरुवातीच्या नाण्यांवर दोन ध्वज, ३३५ च्या सुमारास वजन उतरवले तेव्हापासून एक. दोन ध्वज की एक, एवढ्यावर नाण्याची तारीख पाच-सहा वर्षांच्या आत येते. सैनिकांच्या पायाखालच्या अरुंद पट्टीत टांकसाळीची अक्षरे असतात, ट्रियर की सिस्किया की अँटिओक हे तिथे कळते. नाणे जेमतेम १५-१६ मिलिमीटरचे, ठसा बहुधा सरकलेला, त्यामुळे पट्टी आधीच अर्धी कापलेली. तिच्यावर एकदा ब्रास ब्रश फिरला की नाणे चौथ्या शतकातले आहे इतकेच उरते.

साफसफाई करायचीच तर क्रम ठरलेला आहे. हात लावण्याआधी वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, एक प्रकाश तिरका टाकून. मग डिस्टिल्ड पाण्यात भिजवणे आणि पाणी बदलत राहणे. नळाचे पाणी नको, त्यात क्लोराइड असते. माती सैल झाली की दहा ते वीस पटींच्या सूक्ष्मदर्शकाखाली लाकडी काडीने, फार घट्ट असेल तिथे आडव्या धरलेल्या स्काल्पेलने कण कण काढणे. गुळगुळीत, एकसंध थर दिसला की थांबायचे, मग तो हिरवा असो, तपकिरी असो की काळा. त्याच्याखाली काही नाही. हे काम एका नाण्याला तासन्‌तास घेते, आणि म्हणून गठ्ठ्याच्या बाजारात ते कोणी करत नाही. पिशवीचा सौदाच मुळी झटपट घासण्यावर उभा आहे.

आपल्याकडच्या संग्राहकांना याहून मोठा धोका हवेचा आहे. नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड दडलेले असेल तर दमट हवेत त्यापासून आम्ल तयार होते, ते तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड होते आणि चक्र चालू राहते. यालाच ब्राँझ डिसीज म्हणतात. फिकट, पोपटी, पिठासारखे ठिपके ही त्याची खूण. घट्ट हिरवा थर टूथपिकने हलत नाही. हे पीठ लगेच सुटते आणि खाली खड्डा दिसतो. शंका असेल तर नाणे ओल्या कापसासोबत बंद डबीत एक-दोन दिवस ठेवावे, रोग असेल तर नवे ठिपके उगवतात. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि अशा नाण्याला सुरक्षित राहायला ४० टक्क्यांच्या खालची हवा लागते. म्हणजे लाकडी कपाट उपयोगाचे नाही. हवाबंद डबा, रंग बदलणारे सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करणे. रोगट नाणे लगेच वेगळे ठेवायचे. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवणे आणि नंतर अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेंझोट्रायाझोलचा लेप, हे उपचार आहेत, पण पहिल्याने थराचा रंग बदलू शकतो आणि दुसरे रसायन विषारी आहे. ते संवर्धकाच्या हातून व्हावे. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत नाणी ठेवू नयेत. ते प्लॅस्टिक कालांतराने आम्ल सोडते आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. मायलर किंवा पॉलिएथिलीन चालते.

मोठ्या सेस्टर्शियसच्या बाबतीत दुसराच प्रकार चालतो. झिजलेल्या चेहऱ्यावर सुईसारख्या हत्याराने केस, दाढी, चिलखताची खवले नव्याने कोरतात आणि मोकळी जागा घासून सपाट करतात. पुन्हा कोरलेल्या रेषेच्या तळाशी थर नसतो किंवा रंग लावलेला असतो, भिंगातून ते दिसते. छायाचित्रात दिसत नाही. हा धंदा जुना आहे. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी दा काव्हिनोने रोमन सेस्टर्शियसच्या धर्तीवर इतकी सफाईदार पदके घडवली की ती शतकानुशतके खरी म्हणून संग्रहांत राहिली. पण काव्हिनोने निदान नवी वस्तू घडवली. खऱ्या नाण्यावर कोरणारा आपल्यासमोरचा एकमेव साक्षीदार पढवतो. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या कॅरियातल्या स्ट्रॅटोनिकिया शहराच्या नाण्यांवर काराकाला आणि गेटा हे दोघे सम्राट भाऊ समोरासमोर होते. २११ च्या डिसेंबरात काराकालाने गेटाचा खून करवला आणि त्याची आठवण पुसायचा हुकूम झाला, तेव्हा शहराने चलनातल्या नाण्यांवरचा गेटाचा चेहरा ठोकून सपाट केला. आज ती नाणी एका बाजूला चेहरा आणि समोर खरवडलेली रिकामी जागा अशी मिळतात. त्या रिकाम्या जागेला 'खराबी' समजून गुळगुळीत करणारा माणूस राजाज्ञेचा पुरावाच नाहीसा करतो.

माझ्या भूमिकेवर आक्षेप घेणारे चार गोष्टी सांगतात, आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. संग्रहालयांच्या तळघरांत अशी हजारो नाणी धूळ खात पडली आहेत, हे खरे आहे. म्हणूनच सगळी नाणी सरकारजमा करा असे मी म्हणत नाही. नोंद करून परत द्या. नाणकशास्त्र संग्राहकांनीच उभे केले हेही खरे आहे, आणि नोंद असलेले नाणे बाळगण्यात त्यांचे नुकसान कसले? उलट खोट्या नाण्यांपासून संरक्षणच मिळेल. नाणी प्रवास करतात, तेव्हा सापडल्या जागेला अर्थ काय, हा तिसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. नाणे कुठून निघून कुठे पोचले हाच तर प्रश्न आहे. टांकसाळ नाण्यावर लिहिलेली असते, पोचल्याची जागा जमिनीला ठाऊक असते, आणि ती खणणाऱ्या हातांकडून एकदाच कळू शकते.

चौथा आक्षेप: बंदी घातली की व्यापार भूमिगत होतो. सरसकट बंदीबाबत हे बरोबर आहे. ज्या देशांत सापडलेली प्रत्येक वस्तू सरकारची आणि सापडणाऱ्याला काहीच नाही, तिथे शेतकरी तोंड मिटून राहतो आणि नाणी रात्रीतून सीमेपार जातात. म्हणून मोबदल्याची तरतूद असलेली ब्रिटिश पद्धत मला अधिक योग्य वाटते, आणि बंदीचा भार विक्रेत्यावर, तोही ठोक विक्रीवर टाकावा असे वाटते. पिशवीने नाणी विकणाऱ्याला ती कुठून आली हे ठाऊक असतेच. त्याने ते कागदावर आणावे.

पकडलेला माल मूळ देशाला परत करणे हे यावर उत्तर आहे असे मानले जाते. काशाच्या नाण्यांपुरते ते अपुरे आहे. २०११ मध्ये कॅनडाने बल्गेरियाला सुमारे २१,००० नाणी, दागिने आणि इतर वस्तू परत केल्या, त्या २००७ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी जप्त केल्या होत्या. न्याय झाला, वस्तू घरी गेल्या. पण कोणते नाणे कुठल्या ठाण्याच्या उकिरड्यातले, कोणते कुठल्या थडग्यातले, कोणती शंभर एका मडक्यातली, हे परत करणे कोणाच्याच हातात नव्हते. पुतळा त्याच्या पायथ्यावर पुन्हा बसवता येतो. विखुरलेला निधी पुन्हा निधी होत नाही.

हा प्रश्न भारतापासून दूर नाही. तमिळनाडूत करूरजवळ अमरावतीच्या आणि मदुराईत वैगेच्या पात्रात चौथ्या-पाचव्या शतकांतली रोमन तांब्याची छोटी नाणी मिळत आली आहेत. श्रीलंकेत ती इतकी रुळली होती की तिथे त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. पहिल्या शतकातल्या सोन्याचांदीच्या निधींवर भरपूर लिहिले गेले. ही तांब्याची नाणी मात्र नदीतली वाळू चाळणाऱ्यांकडून भंगारवाल्याकडे आणि तिथून संग्राहकाकडे जात राहिली. एवढे हलके चलन साम्राज्याच्या बाहेर, इतक्या दूर का आले, इथल्या बाजारात ते खरोखर पैसा म्हणून चालले का, याचे उत्तर कुठली नाणी कुठल्या वळणावर, कशासोबत निघाली यावर अवलंबून आहे, आणि तेच बहुतेक वेळा लिहिले गेलेले नाही.

निधी एकत्र राहिला की काय हाती लागते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवले याचा एवढा भरभक्कम पुरावा दुसरा नाही. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याची टेकडी उमटलेले एक नाणे मिळाले असते तर ती गंमत ठरली असती. हजारो मिळाली, सोबत ठसा न मारलेलीही मिळाली, म्हणून ते राजकीय धोरण ठरले.

आपल्या कायद्यांत मात्र मोलाची मोजपट्टी अजून आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने कोणतेही नाणे पुरावस्तू ठरते, खाजगी माणसाला ते निर्यात करता येत नाही, व्यापार करायला परवाना लागतो. पण जमिनीत काही सापडले तर काय करायचे हे सांगणारा कायदा १८७८ चा आहे, आणि त्यात जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवण्याचे बंधन वस्तूचे मोल दहा रुपयांहून अधिक असेल तर आहे. मूठभर झिजलेल्या तांब्याच्या चकत्यांचे मोल सापडणाऱ्याने काय धरावे? भंगाराचा भाव धरला तर कळवायची गरजच उरत नाही. हे कलम काढून शंभर वर्षांवरील कोणत्याही धातूच्या नाण्याला, एक असो की हजार, तोच नियम लावावा. सुट्या नाण्याची नोंद करून ते सापडणाऱ्याला परत मिळावे आणि निधी शासनाने घेतला तर बाजारभावाने मोबदला मिळावा.

नोंदीत काय हवे ते ठरलेलेच आहे: वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, व्यास, दर्शनी बाजू सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवली की मागची बाजू घड्याळाच्या कितव्या आकड्याकडे येते ते, दोन्ही बाजूंचे लेख, जिथे अक्षर वाचत नाही तिथे जागा सोडून, टांकसाळीची खूण, नंतर मारलेले शिक्के, कापल्याच्या खुणा, सापडल्या जागेचे अक्षांश-रेखांश दहा मीटरच्या आत, खोली, आणि सोबत मिळालेली खापरे किंवा इतर वस्तू. यातले वजन आणि छाप नाणे हाती असेपर्यंत केव्हाही टिपता येतील. शेवटच्या तीन गोष्टी सापडल्या दिवशीच लिहाव्या लागतात, म्हणून नोंद करणारा माणूस राजधानीत नव्हे, तालुक्याच्या पातळीवर नेमला पाहिजे.